दाव्याला बांधलेल्याचे ऋण

गोठा असलेल्या घरातील मुलाच्या वाट्याला फार लहानपणी येणारे काम म्हणजे वासरू धरणे. धारेच्या वेळी वासराला आधी सोडतात. त्याने कासेला ढुशा दिल्या की गाय पान्हा सोडते आणि लगेच त्याला ओढून बाजूला घेतात. आई धार काढते, भुकेल्या वासराचे दावे मुलाच्या हातात असते. कित्येक घरांत एक सड वासरासाठी राखतात. अडचणीच्या दिवसांत तोही पिळला जातो. ज्या वासराला मूल हाताने कोवळे गवत भरवते, त्याच्याच तोंडचे दूध काढण्यात ते हातभार लावते. पाळलेल्या जनावरावर माणसाचा हक्क किती आणि त्याचे देणे किती, हा धर्मविचारातील जुना प्रश्न इथे मुलासमोर उभा राहतो.

गृहस्थाच्या पंचमहायज्ञांपैकी भूतयज्ञात प्राणिमात्रांसाठी अन्न काढून ठेवायचे असते. गाय, कुत्रा, कावळा यांचे घास त्याच वळणाचे. पण हे देणे दारी येईल त्या जिवाला आहे, बांधून ठेवलेल्या जिवाला वेगळे काही लागते का, हे त्यातून कळत नाही. सण थोडे जवळ जातात. वसुबारसेला व्रत करणाऱ्या स्त्रिया गाईच्या दुधातुपावरचा हक्क एका दिवसापुरता सोडतात. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे मळून शेकतात, दुसऱ्या दिवशी त्यांच्या मानेवर जू ठेवत नाहीत. विदर्भात तर तान्ह्या पोळ्याला मुले लाकडी बैल घेऊन निघतात, म्हणजे कृतज्ञतेचा सराव बालपणीच सुरू होतो. तरीही वर्षाचे उरलेले दिवस तसेच राहतात.

त्या उरलेल्या दिवसांचा सर्वांत नेमका विचार जैन परंपरेने केला आहे. उमास्वातींच्या ‘तत्त्वार्थसूत्रा’च्या सातव्या अध्यायात गृहस्थाच्या अहिंसाव्रताचे पाच अतिचार, म्हणजे व्रताला लागणारे दोष, दिले आहेत: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. यातील वध म्हणजे मारहाण. जीव घेणे नव्हे. बांधणे, मारणे, अवयव कापणे किंवा टोचणे, जास्त ओझे लादणे, चारापाणी रोखणे या सगळ्या गोष्टी गोठ्यात रोज घडू शकतात. जनावर जिवंत आहे, धष्टपुष्ट आहे, तरी व्रत डागाळू शकते, हे सांगण्याचे धाडस या यादीत आहे.

बांधण्यापासूनच देणे सुरू होते, ही जाण इतरत्रही आढळते. बायबलमधील ‘अनुवाद’ या ग्रंथात मळणीच्या बैलाला मुसके बांधण्यास मनाई आहे. मांजर कोंडून ठेवून तिला खाऊही न घालणाऱ्या आणि स्वतःचे भक्ष्य शोधायला मोकळेही न सोडणाऱ्या स्त्रीला शिक्षा झाली, असे एक हदीस सांगते. मोकळे मांजर आपले पोट भरते. कोंडलेल्या मांजराची भूक कोंडणाऱ्याच्या खात्यावर जमा होते. घरातल्या पोपटाच्या पिंजऱ्यालाही हाच न्याय लागू आहे.

1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने जनावर ज्याच्या ताब्यात, त्याच्यावर त्याच्या सुस्थितीचे कर्तव्य टाकले. मारहाण, अतिभार, आखूड साखळी, उपासमार, अवयव तोडणे हे त्यात गुन्हे आहेत. जुन्या पाच अतिचारांशी ही यादी चांगलीच जुळते. फरक एका ठिकाणी मोठा आहे. विहित रीतीने वेसण घालणे, डाग देणे, खच्ची करणे याला कायद्याने सूट दिली. शेतीला बैल हवा, आणि वेसणीशिवाय तो औताला वळत नाही. कायद्याने गरज मान्य केली. सूत्राने गरजेतही दोष पाहिला. दोघांत सूत्र अधिक खरे आहे, कारण गरजेमुळे नाकातली कळ कमी होत नाही.

सर्वांत अवघड वेळ जनावर थकल्यावर येते. मुंबईत 1834 मध्ये पांजरापोळ निघाले, तेव्हा हे देणे समाजाने उचलण्याची एक वाट मिळाली. शेतकऱ्याची नेहमीची वाट मात्र बाजाराची. महाराष्ट्राच्या 1976 च्या कायद्याने गाईच्या आणि 2015 च्या दुरुस्तीने वळू-बैलांच्या कत्तलीला बंदी झाली, पण त्यांच्या म्हातारपणीच्या वैरणीचा भार त्या बंदीने उचललेला नाही. म्हैस या बंदीत नाही. एकाच दावणीला गाय आणि म्हैस बांधलेली असते, दोघींपुढे वैरण टाकणारे मूल एकच असते, आणि बाजाराच्या दिवशी त्यांतली एकच खाटकाकडे जाऊ शकते.