न झालेल्या अपघाताचा दोष

प्रवासी विमान आणि एखादे छोटे विमान आकाशात एकमेकांच्या अगदी जवळून निसटले, की 'देवाची कृपा' हे शब्द सहज ओठांवर येतात. त्या भावनेचा मला आदर आहे. पण तिच्या आडून काढला जाणारा निष्कर्ष, की काही घडलेच नाही तर दोष कसला, हा मला तर्काला आणि श्रद्धेलाही घातक वाटतो. २५ सप्टेंबर १९७८ रोजी सॅन दिएगोवर पीएसए कंपनीचे प्रवासी बोइंग ७२७ आणि छोटे सेस्ना १७२ यांची टक्कर झाली. जमिनीवरच्या ७ जणांसह १४४ माणसे गेली. बोइंगच्या वैमानिकांना सेस्नाची सूचना मिळाली होती आणि ते दिसल्याचे त्यांनी कळवलेही होते. पुढे ते नजरेआड झाले, पण ही गोष्ट नियंत्रकांपर्यंत स्पष्टपणे पोचली नाही. टक्करीच्या काही सेकंद आधी रडार कक्षात धोक्याचा इशारा वाजला; वैमानिकांना छोटे विमान दिसते आहे, या समजुतीने तो सोडून दिला गेला. असे इशारे तिथे नेहमीच वाजत आणि बहुतेकदा काही होत नसे. म्हणजे त्या दिवसाची चूक आधीच्या सुखरूप दिवसांत रुजत आली होती. तेव्हाचे दुर्लक्ष निर्दोष आणि त्या सकाळचे तेवढे सदोष, असे म्हणायला आधार कोणता? फळावर आपला अधिकार नाही, ही गीतेची शिकवण आपण यशाच्या संदर्भात आठवतो. दोष ठरवताना मात्र फळच मोजतो.

माणसे दगावली तर अपराध मोठा नाही का, असे कोणी विचारेल. मृतांच्या आप्तांचे देणे मोठे होते, हे खरेच. पण बेसावधपणा तेवढाच राहतो. तत्त्वज्ञ बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगेल यांनी १९७६ साली नैतिक दैवाचा, म्हणजे नशिबाने घडलेल्या परिणामावरून दोष ठरवावा का, हाच पेच मांडला. त्याच वर्षी अमेरिकेत नासाकडे वैमानिकांच्या गोपनीय निवेदनांची व्यवस्था सुरू झाली. त्यामागे १९७४ चा, ९२ बळींचा अपघात होता: व्हर्जिनियातल्या ज्या डोंगरावर टीडब्ल्यूएचे विमान आदळले, तिथूनच सहा आठवड्यांपूर्वी दुसऱ्या कंपनीचे विमान थोडक्यात बचावले होते, पण तो इशारा टीडब्ल्यूएच्या वैमानिकांपर्यंत गेला नाही. दोष मानला तर भीतीने लोक गप्प बसतील, हा आक्षेप इथे गळून पडतो, कारण अनवधानाने झालेली चूक वेळेत कळवणाऱ्याला तिथे दंडातून सूट मिळते. दोष मानणे वेगळे, शिक्षा करणे वेगळे.

श्रद्धावंतांचा प्रश्न अधिक कठीण आहे: वाचवणाऱ्याचे आभारही मानू नयेत काय? जरूर मानावेत. पण सुटका हीच कृपेची खूण ठरवली, तर सॅन दिएगोचे १४४ जण कृपेबाहेरचे ठरतात, आणि असा देव मला मान्य नाही. आभार खरे असतील तर वाचलेल्याने घडले ते सांगितले पाहिजे, तेही पुढचा बळी जाण्याआधी. लॉस एंजेलिसजवळ सेरिटोसवर १९८६ मध्ये डीसी-९ हे प्रवासी विमान आणि पायपर हे छोटे विमान यांच्या टक्करीत ८२ माणसे गेली, तेव्हा कुठे अमेरिकेच्या काँग्रेसने प्रवासी विमानांत टक्करटाळू यंत्रणा सक्तीची केली.