शंभर दाण्यांचा हिशेब

मंगरुळपीर तालुक्यात एक शेतकरी होता. समृद्धी महामार्गात त्याची जमीन गेली आणि हातात एकदम मोठी रक्कम आली. पैसा आला की सल्ला देणारेही येतात. कुणी म्हणालं गाडी घे, कुणी म्हणालं सोनं घे. शेतकरी विचारी होता. गेलेल्या जमिनीच्या बदल्यात दरमहा काहीतरी देत राहील अशीच वस्तू घ्यायची, असं त्याने ठरवलं.

१ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा होऊन वाशिम जिल्हा झाला. कचेऱ्या आल्या, त्यांच्यामागे माणसं आली. कारकून, नर्स, एसटीचे वाहक, भरतीची तयारी करणारी खेड्यापाड्यांतली पोरं. वाशिमला खोली शोधणाऱ्यांची वाण नाही, हे शेतकऱ्याला ठाऊक होतं.

शहरात एका व्यापाऱ्याची सहा खोल्यांची चाळ विकायला होती. वर टिनाचं छप्पर, मागे बोअर, पुढे अंगण. शेतकऱ्याने ती वैशाखातल्या एका दुपारी पाहिली. सहाही खोल्या भरलेल्या होत्या. खोलीमागे भाडं अडीच हजार. त्याने अंगणातच हिशेब केला. महिन्याला १५,००० येणार. कमी पडणारी रक्कम बँकेकडून दहा वर्षांसाठी घेतली, तर हप्ता १४,०००. हप्ता भाड्यातूनच फिटणार, वर हजार रुपये उरणार.

कागद त्याने नीट तपासले. वकिलाकडून तीस वर्षांचा शोध काढून घेतला, मिळकत पत्रिका पाहिली, घरपट्टीच्या पावत्या मागितल्या. कागदात तो फसला नाही. त्याने चाळ घेतली.

जूनमध्ये भरतीची पोरं दोन खोल्या सोडून गावी गेली. भाडं १०,००० वर आलं. हप्ता १४,००० चाच राहिला.

मग पाऊस लागला. टिनाच्या खिळ्यांची भोकं गंजून मोठी झाली होती. वैशाखात ती कुणाला दिसणार? कोपऱ्यातल्या खोलीत एक टेलर राहत होता आणि तिथेच शिवतही होता. त्याच्या मशीनवर पाण्याची धार लागली. त्याने मशीन भिंतीकडे सरकवली, तर धार कापडाच्या गठ्ठ्यावर आली. गिऱ्हाइकाचं कापड डागाळलं. टेलरने दोनदा सांगितलं. शेतकरी म्हणायचा, "पाहू." पाहायला त्याच्या हाती पैसेच नव्हते. आलेलं सगळं भाडं बँकेत जात होतं आणि वरची भर तो घरच्या तुरीतून घालत होता.

पुढे वीजबिल आलं. सहा खोल्यांना मिळून एकच मीटर. सगळ्यांची युनिटं एकाच बिलात, म्हणून दरही वरच्या टप्प्याचा लागला. शेतकरी प्रत्येकाकडे वाटा मागायला गेला. टेलर म्हणाला, "भाड्यातच वीज, असं ठरलं होतं." शेतकरी म्हणाला, "असं काही ठरलं नव्हतं." लेखी काही नव्हतंच. त्या महिन्यात टेलरने भाडंही दिलं नाही.

दुसऱ्याही महिन्यात भाडं आलं नाही, तेव्हा शेतकरी रागाने पान्हा घेऊन मागच्या अंगणात गेला. टेलरच्या खोलीकडे जाणारा नळ तो बंद करणार होता.

शेजारी एक निवृत्त शिक्षिका राहत. सगळे त्यांना बाई म्हणत. त्यांच्याही चार खोल्या भाड्याने होत्या. त्या कुंपणाशी येऊन म्हणाल्या, "भाऊ, पान्हा खाली ठेवा. भाडेकरूचं पाणी तोडता येत नाही. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात ते स्पष्ट लिहिलंय. घराची दुरुस्ती करणं मालकाकडे, हेही त्यातच आहे. आणि नोंदणी केलेला लेखी करार नसला, तं अटींबद्दल भाडेकरू म्हणेल तेच धरतात. उलट सिद्ध तुम्हाले करावं लागते."

शेतकरी कुंपणापाशीच खाली बसला. म्हणाला, "बाई, मी काही उधळपट्टी केली नाही. हिशेब करूनच घर घेतलं. मंग बुडालो काहून?"

बाईंनी लगेच उत्तर दिलं नाही. त्यांनी विचारलं, "यंदा सोयाबीनचं बियाणं घरचंच होतं ना?"

"हो."

"तपासलं होतं?"

"तपासल्याबिगर कसं पेरू?" शेतीचं बोलणं निघाल्यावर त्याचा आवाज मोकळा झाला. "गोणपाट ओलं केलं. त्याच्यावर दहा-दहाच्या ओळीत शंभर दाणे मांडले. गुंडाळी करून सावलीत ठेवली, रोज पाणी शिंपडलं. आठवड्याने उलगडून मोजले. ब्याऐंशी उगवले."

"मंग अठराचं दुःख केलं काय?"

"दुःख कायचं, बाई? शंभरच्या शंभर कधी उगवते काय? सत्तरच्या वर उगवले म्हणजे बियाणं चांगलं. त्याच्या खाली आले तं एकरी बी वाढवायचं. कमी उगवणार हे धरूनच पेरा असते."

बाई म्हणाल्या, "मंग सहाच्या सहा खोल्या बाराही महिने उगवतील, हे तुम्ही कसं धरलं?"

शेतकरी काही बोलला नाही. बाईंनी घरातून आपली वही आणून त्याच्यापुढे उघडली. त्यांच्या खोल्या चार होत्या, पण वहीत जमेला भाडं तीनच खोल्यांचं मांडलेलं. चौथीचं भाडं आलं की ते वेगळ्या पानावर जाई. त्या पानावर खर्चही होता. पत्रे, बोअरची मोटर, रंग, घरपट्टी.

दुसऱ्या दिवशी शेतकऱ्याने घरातली उरलेली तूर विकली आणि मिस्त्री बोलावला. टिनाचे पत्रे बदलले. टेलरची मशीन कोरड्यात आली, तशी तो पुन्हा शिवायला लागला. थकलेलं भाडं त्याने थोडं थोडं करून फेडलं.

मग शेतकरी बँकेत गेला. त्याने मुदत वीस वर्षांची करून घेतली. हप्ता १०,००० च्या आसपास आला. यात एकूण व्याज जास्त जातं, आणि ते त्याला जड गेलं. पण आता चार खोल्यांत हप्ता बसत होता. पाचवीचं भाडं त्याने बाईंसारखंच वेगळ्या, घराच्या पानावर लिहिलं. सहावी त्याने हिशेबात रिकामीच धरली. हळूहळू प्रत्येक खोलीला वेगळं मीटर घेतलं. प्रत्येक भाडेकरूशी अकरा महिन्यांचा करार लेखी केला, त्याची नोंदणी केली. वीज कोणाची, पाणी कोणाचं, खोली सोडताना किती दिवस आधी सांगायचं, सगळं त्यात आलं.

पुढच्या जूनमध्येही भरतीची पोरं खोल्या सोडून गेली. या वेळीही दोनच खोल्या रिकाम्या झाल्या. शेतकऱ्याने हप्ता वेळेवर भरला. त्या महिन्यात घराच्या पानावर काही पडलं नाही, पण मागचं शिल्लक होतं. श्रावणात बोअरची मोटर जळाली, तेव्हा ती त्याच पैशातून आली.

भाड्यासाठी घर घेणाऱ्याने सौदा ठरवण्याआधी एक खोली रिकामी आणि एक खोली घराच्या खर्चाची धरावी. उरलेल्या भाड्यात हप्ता बसत असेल, तरच बयाणा द्यावा.