जलप्रलयाचें चित्र

(वाचा : उत्पत्ति, अध्याय ६ ते ९)



फ्रेंच चित्रकार गुस्ताव्ह डोरे (१८३२–१८८३) ह्यानें पवित्र शास्त्रासाठीं काढिलेलीं चित्रें १८६६ सालीं प्रसिद्ध झालीं. तीं लांकडाच्या ठोकळ्यांवर कोरून छापिलीं होतीं. त्यांतील जलप्रलयाचें एक चित्र आज डोळ्यांपुढें आणूं या.

चहूंकडे खवळलेलें पाणी. मध्यें एका खडकाचें टोंक तेवढें उरलें आहे. त्यावर उघडींवाघडीं लेंकरें आहेत. आईबाप स्वतः बुडत असतां आपल्या लेंकराला वर लोटीत आहेत. त्याच खडकावर एक वाघीण आहे; तिनें आपलें पिलूं तोंडांत धरिलें आहे. जवळच्या लेंकरांकडे भक्ष्य म्हणून पाहण्याचें तिला भान नाहीं.

ही वाघीण व हे आईबाप शास्त्रांत नाहींत. ही चित्रकाराची कल्पना होय. उपदेशकांनीं चित्र दाखवितांना हें स्पष्ट सांगावें. परंतु ही कल्पना शास्त्राच्या विरुद्ध आहे काय? मनुष्याचा दुष्टपणा पाहून देवाच्या अंतःकरणाला दुःख झालें, असें सहाव्या अध्यायांत सांगितलें आहे. न्याय ज्याचा, दुःखही त्याचेंच! मग पापी बुडाले, बरें झालें, असें आपण कोणत्या तोंडानें म्हणावें? आम्हींही कित्येकदां जलप्रलयाची गोष्ट श्रोत्यांना भिवविण्यासाठीं सांगितली. ती आमची चूक होती. भ्यालेला मनुष्य पळतो. आपल्यासाठीं कोणी रडतो असें ज्याला दिसतें, तो थांबून ऐकतो.

दुसरी गोष्ट. त्या आईबापांची माया खोटी नव्हे; पण ज्यावर त्यांनीं लेंकरूं ठेविलें तो खडकही बुडणार आहे, कारण पाणी डोंगरांवर पंधरा हात चढलें. नोहानें तारू बांधिलें तें पाणी येण्यापूर्वीं, आणि बायको, मुलगे व सुना ह्यांस घेऊन तो आंत गेला. आपणही लेंकरांसाठीं शेत, नोकरी, चार पैसे असा एखादा खडक शोधितों. तें वाईट नव्हे, पण तेवढ्यानें तारण होत नाहीं.

म्हणून आज रात्रीं दिवा मालवण्यापूर्वीं लेंकरांना जवळ घेऊन प्रार्थना करा. ज्या शेजाऱ्याचें घर अजून तारवाबाहेर आहे, त्याच्याही लेंकरांचीं नांवें त्या प्रार्थनेंत घ्या. दार अजून उघडें आहे. तें उघडें आहे तोंवर कळवळ्यानें हांक मारण्याची बुद्धि देव आपणां सर्वांस देवो. आमेन.