पाहिलेल्याचे ऋण

ज्ञान हे कोणाच्या मालकीचे असते काय, हा प्रश्न जुना आहे. एखाद्याने अशी एक गोष्ट पाहिली की जी त्याच्यापूर्वी कोणी नीट पाहिली नव्हती, आणि ती मनातच ठेवून तो स्वस्थ बसला, तर त्याने कोणाचा अपराध केला? कायदा म्हणेल, कोणाचाही नाही. त्याने कोणाचे काही घेतले नाही की कोणास फसविले नाही. परंतु मनुष्य जन्मतःच तीन ऋणे घेऊन येतो असे आपल्या परंपरेने मानले. त्यांत ऋषिऋणाची गणना केली आणि ते फेडण्याचा मार्ग अध्ययन व अध्यापन हाच सांगितला. शिकलेले पुढे न देणे ही त्या दृष्टीने थकबाकीच ठरते. या विचाराची कसोटी आम्ही येथे एका विशिष्ट शास्त्राच्या संदर्भात पाहणार आहोत. कारण त्या शास्त्रात ही थकबाकी पुष्कळदा तिसऱ्याच्याच पोटावर येते. ते शास्त्र म्हणजे परिस्थितिविज्ञान, इंग्रजीत ज्यास इकॉलॉजी म्हणतात ते.

वनस्पती, प्राणी, माती, पाणी आणि मनुष्य यांचे परस्परांशी जे संबंध असतात, त्यांचा अभ्यास म्हणजे परिस्थितिविज्ञान. गणिती एका खोलीत बसून सिद्धान्त मांडू शकतो, रसायनशास्त्रज्ञ आपला प्रयोग दुसऱ्या दिवशी पुन्हा करू शकतो. अरण्याला मात्र असे पुन्हा उभे करता येत नाही. तळे भरत जाते, नदी पात्र बदलते, एक गवत दुसऱ्यास हुसकावून लावते, आणि हे सारे ज्या गतीने चालते तीपुढे मनुष्याचे आयुष्य अपुरे पडते. शिवाय एका ठिकाणी दिसलेली गोष्ट हा नियम की अपवाद, हे दहा ठिकाणच्या दहा माणसांनी पाहिल्यावाचून ठरत नाही. या शास्त्राला म्हणून एका मनुष्याहून अधिक डोळे आणि एका पिढीहून दीर्घ स्मृती लागते. ते डोळे विद्वत्सभा पुरविते. ती स्मृती तिचे नियतकालिक जपते.

मिझोरमचे उदाहरण घेऊ. तेथील डोंगरांवर पसरलेला मौताक नावाचा बांबू सुमारे ४८ वर्षांनी एकदाच, पण सर्वत्र फुलतो. त्याच्या फळांवर उंदरांची बेसुमार वाढ होते, आणि फळे संपली की ते उंदीर शेतांवर व कोठारांवर धाड घालतात. १९११च्या सुमारास असा दुष्काळ पडला होता. पुढची पाळी जवळ येत आहे हे मिझो वृद्धांस पक्के ठाऊक होते. त्यांच्या जिल्हा परिषदेने १९५८ साली आसाम सरकारला तसा इशारा देऊन मदतही मागितली. परंतु तो इशारा गांभीर्याने घेतला गेला नाही. १९५९मध्ये दुष्काळ आला. त्याच्या निवारणासाठी उभी राहिलेली संघटना १९६१ साली राजकीय पक्ष बनली, १९६६ साली बंड झाले आणि शांतता होण्यास १९८६ साल उजाडावे लागले. या साऱ्याचे खापर केवळ बांबूवर फोडणे अर्थात इतिहासाला धरून होणार नाही. तथापि एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. सरकारी नोकरी फार तर ३५ वर्षांची. बांबूचे चक्र ४८ वर्षांचे. ज्याने १९११ पाहिले असा एकही अधिकारी १९५८ साली खुर्चीवर असणे शक्य नव्हते. लोकांच्या स्मृतीत जे होते ते शासनाच्या विश्वासास पात्र झाले नव्हते. २००६-०७च्या बहराच्या वेळी मात्र शासन आधीपासून तयारीस लागले होते. कारण मधल्या काळात ती गोष्ट नोंदली, तपासली आणि मान्य केली गेली होती.

नोंद घरात राहिली तर काय होते, याचा दाखला ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांच्या आयुष्यात सापडतो. काँग्रेसच्या स्थापनेमुळे हे नाव आपणा सर्वांच्या परिचयाचे आहे; परंतु ते आपल्यासारखेच बदलीच्या नोकरीतले गृहस्थ होते, आणि नोकरीच्या जोडीने त्यांनी हिंदुस्थानातील पक्ष्यांचा असा अभ्यास केला की त्याला तोड नव्हती. ‘स्ट्रे फेदर्स’ हे पक्षिविषयक नियतकालिक त्यांनी स्वतः चालविले, आणि ठिकठिकाणच्या अधिकाऱ्यांकडून टिपणे मागवून त्यात छापली. याशिवाय एका मोठ्या ग्रंथासाठी अनेक वर्षे जमविलेली हस्तलिखिते त्यांच्या सिमल्याच्या घरी होती. ते परगावी असता एका नोकराने ती रद्दीच्या भावाने बाजारात विकून टाकली. ह्यूम यांनी त्यानंतर पक्षिविद्येचा नादच सोडला आणि आपला प्रचंड संग्रह १८८५ साली ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. त्यांच्या एकाच आयुष्यातील श्रमांचे असे दोन भाग झाले: छापून दुसऱ्यांच्या हाती गेलेला आजही अभ्यासकांस उपयोगी पडतो, आणि अधिक चांगल्या दिवसाची वाट पाहत कपाटात राहिलेला पुड्या बांधण्यास गेला.

या संदर्भात मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीचे स्मरण मराठी माणसास तरी झालेच पाहिजे. १५ सप्टेंबर १८८३ रोजी आठ गृहस्थांनी ही संस्था स्थापन केली. त्यांतील दोघे मराठी डॉक्टर होते: प्रार्थनासमाजाचे संस्थापक आत्माराम पांडुरंग आणि वनस्पतींचे जाणकार सखाराम अर्जुन. पहिले चिटणीस एटकन हे मीठ व जकात खात्यात अधिकारी होते. त्यांच्यानंतरचे चिटणीस फिप्सन हे मद्याचे व्यापारी होते, आणि संस्थेचा संसार प्रथम थाटला गेला तो त्यांच्याच दुकानाच्या जागेत. १८८६ साली संस्थेचे नियतकालिक निघाले. त्यात मोठ्या निबंधांबरोबर किरकोळ टिपणांचे एक सदर असे. कोणी वनाधिकारी, कोणी पलटणीतला डॉक्टर, कोणी चहामळ्याचा व्यवस्थापक तेथे दहापाच ओळी लिही: अमुक पक्षी अमुक तारखेस अमुक तळ्यावर दिसला. एकेकटे पाहता हे टिपण क्षुल्लक वाटेल. परंतु शंभर वर्षांनंतर तो पक्षी त्या तळ्यावर येत नाही हे सिद्ध करावयाचे झाल्यास त्या दहा ओळींवाचून दुसरा साक्षीदार नसतो.

याच नियतकालिकात १९३१ साली सलीम अली यांचा सुगरणीवरील निबंध आला. त्याच्या आदल्या वर्षी, हाती नोकरी नसताना, अलिबागजवळच्या किहीम येथे त्यांनी एका वसाहतीतील घरट्यांचे दिवसचे दिवस निरीक्षण केले होते. नर अर्धे घरटे विणतो, मादी येऊन ते पारखते, पसंत पडल्यास तेथे राहते. आणि ते पुरे करून नर दुसऱ्या मादीसाठी दुसरे घरटे आरंभितो, असे त्यांना आढळले. ज्या घरट्याचे कौतुक आपण पिढ्यान्‌पिढ्या करीत आलो, आणि करताना त्या पक्ष्याला स्त्रीलिंगी नावही दिले, त्याचा विणकर नर आहे! आवड आणि ज्ञान यांत किती अंतर असू शकते ते यावरून ध्यानात यावे.

परंतु ऋण एकाच बाजूचे नसते. जो पाहतो त्याने सांगावे, हे जितके खरे, तितकेच ज्या सभेस तो सांगतो तिने ऐकावे हेही खरे आहे. ब्रिटिश इकॉलॉजिकल सोसायटी ही या शास्त्राची जगातील पहिली संस्था १९१३ साली निघाली, आणि अमेरिकेची १९१५ साली. अमेरिकन संस्थेच्या ‘इकॉलॉजी’ या नियतकालिकात १९३५ साली इंग्रज शास्त्रज्ञ टॅन्सली यांनी सहव्यवसायी विद्वानांच्या मतांचे खंडन करताना परिसंस्था ही कल्पना प्रथम मांडली. आज शाळकरी मुलाच्या पुस्तकात असलेला हा शब्द एका वादातून जन्मास आला, आणि वादास जागा देणारे पान होते म्हणून तो जन्मला.

पुढे त्याच नियतकालिकाकडे रेमंड लिंडमन या तरुणाने एक निबंध पाठविला. मिनेसोटातील एका लहानशा तळ्याच्या अभ्यासावरून त्याने असे दाखविले होते की, सूर्यापासून मिळालेली ऊर्जा वनस्पती, त्यांवर जगणारे जीव आणि त्या जीवांवर जगणारे जीव अशा पायऱ्यांनी वर जाते व दर पायरीस घटत जाते. दोन्ही परीक्षकांनी, आणि ते तलावांच्या अभ्यासातले अधिकारी पुरुष होते, हा निबंध फार तात्त्विक आहे म्हणून नाकारावा असे कळविले. हचिन्सन यांनी लिंडमनची बाजू मांडली, आणि संपादक थॉमस पार्क यांनी परीक्षकांचे मत बाजूस ठेवून १९४२ साली तो छापला. तो वाचकांच्या हाती पडण्यापूर्वीच, त्या वर्षीच्या जूनमध्ये, लिंडमन वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी वारला होता. आज तो निबंध या शास्त्राच्या पायाच्या दगडांत गणला जातो. परीक्षकांस दोष देणे सोपे आहे, पण ते न्यायाचे होणार नाही. दाराशी कोणी नसेल तर सभेचा बाजार होईल. मात्र राखणदाराच्या वर, दार केव्हा उघडावे हे जाणणारा एक घरधनीही लागतो.

आता याहून अवघड प्रश्न. विद्वत्सभेने केवळ जाणावे, की जाणलेल्यासाठी झगडावेही? अमेरिकन संस्थेत शेल्फर्ड यांचे म्हणणे होते की, ज्या अरण्यांचा आपण अभ्यास करतो ती राखणे हेही आपले काम. संस्थेला ते मानवले नाही; शास्त्राने पक्ष घेऊ नये, असा तिचा निर्णय झाला. तेव्हा शेल्फर्ड व त्यांचे सहकारी यांनी १९४६ साली निराळा संघ काढला, आणि पुढे तोच नेचर कन्झर्व्हन्सी ही भूमिरक्षणाची विख्यात संस्था झाला.

आमच्या मते या वादाचे उत्तर भरतपूरने दिले आहे. तेथील केवलादेव घना हे पाणपक्ष्यांचे जगप्रसिद्ध स्थान. गुरांच्या चराईने ते बिघडते असे तेव्हा जाणकारांचेही मत होते. १९८२च्या नोव्हेंबरात चराई बंद झाली, ग्रामस्थांनी विरोध केला, गोळीबार झाला आणि माणसे मेली. त्याच दशकात मुंबईच्या सोसायटीचा त्या पाणथळीचा दीर्घ अभ्यास चालू होता. त्यात निष्पन्न झाले ते उलटेच: म्हशी गेल्यावर पाण्यातील गवत बेफाम वाढले, उथळ पाणी त्याने गुदमरले, आणि पुष्कळ पक्ष्यांस ते प्रतिकूल झाले. हा निष्कर्ष पक्षिप्रेमींस सुखावणारा नव्हता. पक्ष्यांच्याच संस्थेने तो जाहीर केला. पक्ष घ्यावा की न घ्यावा, याहून महत्त्वाचे हे की आपल्या पक्षाविरुद्ध गेलेला पुरावाही छापण्याची सवय असावी. जी सभा हे करते तिच्या शब्दाला वजन येते. मेलेल्या माणसांस तो निष्कर्ष परत आणू शकला नाही. अभ्यास आधी आणि हुकूम मागून, एवढाच धडा त्याने दिला.

याच दृष्टीने दोन उणिवांचा उल्लेख करणे प्राप्त आहे. जुन्या टिपणांत साहेबाचे नाव असते. ज्या शिकाऱ्याने, कातकऱ्याने वा गुराख्याने त्यास तेथवर नेले त्याचे नाव सहसा नसते. दुसरी उणीव आजची. आपल्याच रानांतून आणि बहुधा जनतेच्या पैशाने मिळविलेले ज्ञान परदेशी प्रकाशकांच्या महागड्या नियतकालिकांत जाऊन बसते. २०२५पासून ‘एक राष्ट्र, एक सदस्यत्व’ या योजनेने सरकारी विद्यापीठांस व संशोधनसंस्थांस ते खुले झाले, हे चांगलेच झाले. परंतु तालुक्याचा अधिकारी, शाळेचा शिक्षक आणि भरतपूरचा गुराखी हे अद्याप दाराबाहेरच आहेत. सर्वच काही उघड करावे असेही नाही; दुर्मीळ प्राण्याचा नेमका ठावठिकाणा छापला तर चोरट्या शिकाऱ्याची सोय होते. तेवढे झाकावे. पण चोरापासून झाकणे निराळे आणि धन्यापासून झाकणे निराळे.

आपल्यापैकी बहुतेकांचे आयुष्य परप्रांतात, तीन-तीन वर्षांच्या बिऱ्हाडांत जाते. ब्रह्मपुत्रेच्या काठी, छोटानागपूरच्या पठारावर किंवा थरच्या वाळूत आपण असे काही पाहतो की जे तेथल्या माणसास सवयीने दिसेनासे झालेले असते आणि राजधानीतल्या पंडितास दिसलेलेच नसते. आम्ही शास्त्रज्ञ नाही, ही सबब एटकन यांनाही सांगता आली असती. तळ्यास पाणी किती महिने टिकले, मोहर कोणत्या आठवड्यात आला, म्हाताऱ्याने कोणत्या पुराची खूण दाखविली, हे तारखेसह, ठिकाणासह आणि त्या म्हाताऱ्याच्या नावासह लिहून योग्य त्या सभेकडे धाडण्यास पदवी लागत नाही. बदलीचा हुकूम आला की आपण कार्यालयाच्या दस्तऐवजांची यादी करून कार्यभार सोपवितो आणि त्यावर सही घेतो. डोळ्यांनी जमविलेल्या दस्तऐवजाची यादी कोणी मागत नाही, म्हणून ती न देताच आपण गाडीत बसतो. मागणारा नाही म्हणून देणे फिटले, असा हिशेब मात्र आजवर कोणत्याही शहाण्या सावकाराने किंवा ऋणकोने मान्य केलेला नाही.