एकाच पंगतीत



आपल्यापैकी काही जण मांसाहार सोडतात. कोणी प्राण्यांवरील दयेपोटी, कोणी प्रकृतीसाठी, कोणी निसर्गाच्या काळजीने. लग्नाच्या पंगतीत त्यांना टोमणे ऐकावे लागतात.

हा वाद रोमच्या मंडळीतही होता. रोमकरांस पत्राच्या १४ व्या अध्यायात संत पौल दोघांनाही आवरतो: सर्व खाणाऱ्याने शाकाहाऱ्याला हिणवू नये आणि शाकाहाऱ्याने त्याला दोष देऊ नये. ६ व्या शतकात संत बेनेडिक्टने मठवासीयांना चतुष्पाद प्राण्यांचे मांस वर्ज्य केले, परंतु अशक्त आजाऱ्यांना मोकळीक दिली.

उपवासकाळातील शुक्रवारी आपणही मांस वर्ज्य करतो, ते प्रभूच्या दुःखसहनाच्या स्मरणार्थ. मग ताटावरून भावाचे मन का दुखवावे? त्याला प्रेमाने भाजी वाढू या. आमेन.