सेवेवर मालकी कोणाची?

जो पगार घेतो त्याला जाब विचारता येतो. जो एक पैसाही न घेता राबतो, त्याला जाब कोणी विचारायचा आणि कोणत्या अधिकाराने? निष्काम सेवेची थोरवी आपण पिढ्यानपिढ्या गात आलो. तिच्यावर नियम, मतदान आणि हिशेब तपासणी लादणे हा मात्र आपल्याला सेवेकऱ्याचा अपमान वाटतो. माझे म्हणणे नेमके उलट आहे. सेवा निष्काम ठेवायची असेल तर तिला नियमांची गरज पगारी कामापेक्षा अधिक असते. हे तपासायला इंग्लंडमधले धावण्याचे हौशी क्लब फार उपयोगी पडतात. तिथे गावोगावी असे क्लब आहेत. वर्षाची वर्गणी माफक असते. सराव घेणारे, शर्यतीच्या दिवशी वळणावर उभे राहणारे, वेळ नोंदवणारे, जमाखर्च लिहिणारे बहुतेक सगळे बिनपगारी असतात. सत्ता किंवा पैसा असा काही मोठा लोभ या कामात नाही, म्हणून उरलेला सूक्ष्म लोभ तिथे स्पष्ट दिसतो.

तो लोभ कोणता, हे गीतेच्या मदतीने नेमके सांगता येते. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि 1915 साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त टिळकांनी कर्मत्यागाचा अर्थ बाजूला सारून फलत्यागावर भर दिला: कर्म करायचेच, लोकसंग्रहासाठी करायचे, सोडायची ती फलाशा. पण फळ म्हणजे काय? आपण चटकन पैसा, मानमरातब अशी नावे घेतो. बारा वर्षे सचिवपद सांभाळणाऱ्या माणसाने पैसा कधीच घेतलेला नसतो आणि मानाचीही त्याला फारशी पर्वा नसते. त्याला मिळणारे फळ वेगळेच असते. ‘हे मी उभे केले, म्हणून हे कसे चालावे ते मला ठाऊक’ ही जाणीव, म्हणजे मालकी. गीतेच्या अठराव्या अध्यायात सात्त्विक कर्त्याच्या लक्षणांत आसक्ती नसणे आणि ‘मी’पणाची भाषा नसणे ही दोन शेजारी-शेजारी येतात, ते मला म्हणूनच महत्त्वाचे वाटते. स्वतः न घेतलेल्या पैशाचा त्याग दाखवता येतो. मालकीचा त्याग माणसाला एकट्याने साधणे फार कठीण. इथे संस्थेची घटना त्याच्या मदतीला येते.

अशा क्लबच्या घटनेत काय असते ते पाहावे. सभासदांची वार्षिक सर्वसाधारण सभा, तिथे निवडलेले अध्यक्ष, सचिव, खजिनदार. दरवर्षी पदे रिकामी होतात आणि पुन्हा हवे असेल तर पुन्हा उभे राहावे लागते. खजिनदार हिशेब सभेपुढे मांडतो. क्लब इंग्लंड अ‍ॅथलेटिक्स या खेळाच्या नियामक संस्थेशी संलग्न असेल तर सभासदांच्या सुरक्षिततेची तक्रार ऐकायला वेगळा अधिकारी नेमावा लागतो, कारण प्रशिक्षकाबद्दलची तक्रार प्रशिक्षकाच्या मित्राकडे करण्याची पाळी कोणावर येऊ नये. यातली प्रत्येक तरतूद कर्त्याला त्याच्या कर्मापासून थोडे दूर करते. लंडन मॅरेथॉनचे उदाहरण तर फारच बोलके आहे. या शर्यतीत प्रवेश मिळणे दुर्मीळ. संलग्न क्लबांना सभासदसंख्येनुसार थोड्या जागा मिळतात आणि त्या कोणाला द्यायच्या हे क्लबने ठरवायचे. बऱ्याच क्लबांत सोडत निघते, आणि सोडतीत नाव घालायचे तर वर्षभरात स्वयंसेवक म्हणून काम केलेले असावे अशी अट असते. सेवेचा मोबदला असा उघड ठरवला की ती सेवा उरते का, असा प्रश्न कोणी विचारील, आणि तो रास्त आहे. पण काम करणाऱ्याला इथे जागा मिळत नाही, फक्त चिठ्ठी मिळते. फळ कोणाच्या हाती पडेल ते कर्त्याच्या हातात उरत नाही. कार्यकारिणीने ‘ज्यांनी खूप केले’ त्यांना जागा वाटल्या असत्या, तर त्या ‘खूप’चे माप कार्यकारिणीच्याच खिशात राहिले असते.

सर्वांत वजनदार आक्षेप असा, की जो राबतो त्यानेच ठरवावे. आठवड्यातून एकदा धावून घरी जाणाऱ्याला त्याच्याइतकेच मत का? शिवाय जोखीमही राबणाऱ्याचीच. कायद्याच्या दृष्टीने स्वतंत्र अस्तित्व नसलेल्या क्लबच्या करारांची जबाबदारी कार्यकारिणीतल्या माणसांवर व्यक्तिशः येऊ शकते. ही तक्रार खरी आहे, आणि म्हणून अनेक क्लब मर्यादित जबाबदारीची कंपनी होतात. तसे करणेच योग्य. पण जोखमीवर उपाय संरक्षण हा आहे, जास्तीची सत्ता हा नाही. आणि राबायला मिळते कोणाला? जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबरने हे फार पूर्वी दाखवून दिले: बिनपगारी पदे शेवटी ज्यांच्याकडे सवड आहे त्यांच्याकडे जातात. पाळीत काम करणारी परिचारिका, दोन लहान मुलांची आई, आजारी वडिलांची काळजी घेणारा मुलगा यांची सेवा कमी दिसते, कारण त्यांचा वेळ आधीच दुसऱ्या सेवेत गेलेला असतो. श्रमाच्या मापाने मत दिले तर आपण त्यागाला मान देत नसून सवडीला देत असतो.

दुसरा आक्षेप मायेपोटी येतो: मित्रमंडळींत घटना कशाला, सलोख्याने चालते तोवर चालू द्यावे. 1970 साली अमेरिकी स्त्रीवादी जो फ्रीमन यांनी स्त्रीमुक्ती गटांविषयी जे मांडले त्याला मला अजून उत्तर सापडलेले नाही. रचना नाकारलेल्या गटातही सत्ता असतेच. ती ओळखीपाळखीत मुरते आणि तिला कोणी पदावरून काढू शकत नाही. सलोखा टिकतो तोही कामे नीट वाटलेली असली तर. लंडनच्या बुशी पार्कमध्ये 2 ऑक्टोबर 2004 रोजी 13 धावपटू आणि मूठभर स्वयंसेवकांनी सुरू केलेली, आज पार्करन नावाने देशोदेशी पोचलेली शनिवारची पाच किलोमीटरची धाव याची साक्ष देते. तिथे त्या दिवसाची जबाबदारी घेणारा, वेळ नोंदवणारा, बारकोड तपासणारा, सर्वांच्या शेवटी चालणारा अशी कामे ठरलेली आहेत, आणि ती ठरलेली असल्यामुळेच नवखा माणूस एका सकाळी त्यातले एखादे उचलू शकतो.

राहता राहिला तो व्यवहाराचा प्रश्न. पदे दरवर्षी रिकामी करा म्हणणे सोपे, पण पुढे येतो कोण? सभेत सगळे माना खाली घालतात आणि जुनाच खजिनदार नाइलाजाने पुन्हा होकार देतो. हे सर्रास घडते आणि त्या खजिनदाराविषयी मला आदरच वाटतो. तरी त्याचा होकार सभेत, सर्वांसमोर, एका वर्षासाठी मागितला जाणे आणि तो गृहीत धरला जाणे यांत फरक आहे. पहिल्यात त्याला नाही म्हणता येते. काम दोघांत वाटणे, उपखजिनदार नेमून त्याला वर्षभर सोबत शिकवणे हे उपाय करता येतात. तेही फसले तर क्लब बंद पडेल, आणि चांगल्या घटनेत त्याचीही तयारी असते. ब्रिटनमध्ये 2002पासून हौशी सामुदायिक क्रीडा क्लबांना करसवलत आहे. ती हवी असेल तर क्लब साऱ्या समाजाला खुला ठेवावा लागतो आणि एक कलम घटनेत घालावेच लागते. विसर्जनानंतर उरलेली मालमत्ता सभासदांत वाटायची नाही; ती अशाच दुसऱ्या क्लबला, धर्मादाय संस्थेला किंवा त्या खेळाच्या नियामक मंडळाला द्यायची. वीस वर्षे ज्यांनी तो क्लब चालवला, त्यांनाही त्यातले काही मिळत नाही, आणि ही अट त्यांनी पहिल्याच दिवशी स्वतः सही करून मान्य केलेली असते.