प्रतिकाराला स्वभाव असतो का?

सफरचंदाचा एखादा देशी वाण रोगाला दाद देत नाही म्हटले की ती ताकद त्या झाडाच्या अंगचीच, असे आपण धरून चालतो. बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनाने इथेच हरकत घेतली असती. कोणत्याही वस्तूला स्वतःपुरता स्वभाव नसतो, तिचे असणे इतरांवर अवलंबून असते, हा त्याचा सिद्धान्त; आणि स्कॅब या बुरशीजन्य रोगाचा इतिहास त्याच्याच बाजूने साक्ष देतो. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात क्रँडल यांनी ‘मॅलस फ्लोरिबंडा 821’ या शोभेच्या झाडाचा ‘रोम ब्युटी’ या सफरचंदाशी संकर केला. या झाडाचे फळ वाटाण्यापेक्षा जरासेच मोठे, बाजारात कवडीमोल. पण त्याच्या काही वंशजांवर स्कॅब पडत नाही, हे पुढे लक्षात आले. त्यातला जनुक घेऊन 1970 मध्ये ‘प्रायमा’ हा वाण आला, मागोमाग आणखी कितीतरी. मग 1980च्या दशकात जर्मनीत आरेन्सबुर्गला याच जनुकाच्या झाडांवर काळपट हिरवे, मखमली डाग उमटले. जनुक होता तसाच होता. बदलली होती ती बुरशी.

ती बदलणारच. गळलेल्या पानांत ती हिवाळा काढते, तिथेच तिचा संकर होतो आणि वसंतातल्या पावसात नवे बीजाणू उडतात. सफरचंद मात्र कलमावर वाढते, म्हणजे रेड डिलिशसच्या बागाच्या बागा जनुकांच्या हिशेबात जवळपास एकच झाड. काश्मीरने 1973 मध्ये स्कॅबची मोठी साथ सोसली, ती याच एकसुरीपणाच्या वाटेवर. प्रतिकार हे नाते असेल, तर ते टिकवायला दोन्ही बाजू चालत्या हव्यात; म्हणून देशी वाणांची विविधता राखायला हवी.

यावर कुणी म्हणेल, देशी म्हणजे निरोगी हा भाबडेपणा आहे. काश्मीरच्या आंबरी या देशी वाणालाही स्कॅब सोडत नाही. कबूल. पण माझा दावा एकेका वाणाच्या बळाचा नाहीच. उद्या कोणता जनुक कामी येईल हे आज सांगता येत नाही, त्यामुळे ‘उपयोगी तेवढेच राखा’ ही कसोटी स्वतःच निरुपयोगी ठरते. दुसरा आक्षेप जनुकपेढीचा: वाण तिथे जपले की पुरे. तिथे जनुक टिकतो, पण बुरशीशी त्याचा सामना थांबतो. कझाकस्तानच्या डोंगरांतल्या रानसफरचंदांत तो बियांतून अजून चालू आहे. तिसरा आक्षेप खरा जड आहे: कमी पिकणारी झाडे गरीब बागायतदाराने का सांभाळावीत? त्याने एकट्याने सांभाळू नयेत. या विविधतेवर जगणाऱ्या रोपवाटिका, व्यापारी आणि आपण खाणारे, यांनी तिचा खर्च उचलावा.